संसाराची सावड

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, पाऊसमान, बाजारभाव आणि सोसायटीचें कर्ज यांविषयीं जाणत्या मंडळींचे लेख नेहमीं येत असतात, व ते मी कित्येक वर्षें आवडीनें वाचीत आलों आहें. आज मात्र ज्या विषयावर मीं लेखणी उचलली आहे तो शेताच्या धुऱ्यावरचा नसून घराच्या उंबऱ्याआंतला आहे. असला विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कित्येकांस वाटेल. परंतु शेत करणारा माणूस घरांतून उठूनच शेतावर जातो, आणि घराची घडी विसकटली म्हणजे पेरणीची वेळहि चुकते, हें ज्यांना पटत असेल त्यांनीं पुढें वाचावें. इतरांनीं पान उलटलें तरी माझा राग नाहीं.

आमच्या लोहा-कंधार भागांत सावड म्हणजे काय हें नव्यानें सांगावयास नको. ज्याच्या दावणीला एकच बैल त्यानें दुसऱ्या तशाच गड्याशीं जोडी जमवावी. दोन दिवस ह्याची पेरणी, दोन दिवस त्याची. सुगींत ज्वारी काढावयाची झाली म्हणजे पांच-सात घरांनीं मिळून एकेकाचें शेत हातावेगळें करावें, आणि पैशाचा व्यवहार मध्यें येऊं देऊं नये, असा हा जुना प्रघात. आतां ट्रॅक्टर आले, सोयाबीन आलें, मळणीयंत्रें आलीं. बैलांची सावड पुष्कळशी मोडली. तरी खुरपणीला बायकांची सावड अजून कोठें कोठें दृष्टीस पडते. सावडींत कोणी कोणाचा मिंधा होत नाहीं. आज मागणारा तो उद्यां देणारा असतो, म्हणून मागण्याची लाज वाटत नाहीं.

पण ही सावड घराच्या दारापाशीं येऊन थांबते. मुलगा दारूस लागला, लेक नांदणुकींतून परत आली, सून बाळंत झाल्यापासून कोणाशीं बोलत नाहीं, म्हातारा बाप अंथरुणास खिळला आणि त्याचें करतां करतां घरची बाई खंगली, असा प्रसंग आला म्हणजे आपण दार लोटून घेतों. घरचें उणें वेशीला टांगूं नये, हें आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलें शिक्षण आहे. विहिरींत मोटर अडकली तर आपण दहा जणांना हांक मारतों. घरांत माणूस अडकलें तर एकालाहि नाहीं.

मी महसूल खात्यांतील कारकून. शिक्षण सातवीपर्यंतचें, शिपाई म्हणून लागलों आणि लेखणी चालवीत चालवीत कारकून होऊन निवृत्त झालों. माझ्या टेबलावरून अनेक प्रकारचीं प्रकरणें गेलीं, परंतु ज्यांचें ओझें अजून उतरलें नाहीं तीं शेतकरी आत्महत्यांचीं. शासनानें २००६ सालीं ठरविलेल्या रीतीप्रमाणें अशा कुटुंबास एक लाख रुपयांचें साहाय्य मिळतें. पैकीं तीस हजार रोख व सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठीं जमीन कुटुंबाच्या नांवें आहे काय, कर्ज बँकेचें, सोसायटीचें कीं परवानाधारक सावकाराचें, थकबाकी किती, वसुलीचा तगादा होता काय, हें सर्व तपासून कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढें जातो आणि तेथें 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. २०१५ च्या दुष्काळी वर्षीं मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून अशीं एक हजारांवर प्रकरणें झालीं. त्यांतल्या आमच्या वांट्याच्या कागदांना मीं स्वहस्तें दोरा बांधलेला आहे.

नापिकी, कर्ज, गारपीट, पडलेला भाव, हीं कारणें खोटीं आहेत असें मी कधींहि म्हणणार नाहीं. परंतु शेजाऱ्यांच्या जबाबांत एक वाक्य इतक्या वेळां येई कीं, पुढें पुढें जबाब वाचण्याआधींच तें मला दिसूं लागे: 'तो कोणास कांहीं बोलला नाहीं.' नमुन्यांत जमिनीचा रकाना होता, कर्जाचा होता, तगाद्याचा होता. माणूस शेवटीं कोणाजवळ मन मोकळें करून बोलला, हा रकाना नव्हता. एका घरीं कागद पुरे करावयास गेलों असतां बाई म्हणाली, चार महिने ते ताटावर बसत आणि मुकाट्यानें उठत. मीं विचारलें, 'मग तुम्हीं कोणास सांगितलें कां नाहीं?' ती म्हणाली, 'त्यांचा पाणउतारा झाला असता, साहेब.' हें उत्तर मीं कागदावर घेतलें नाहीं. घेण्यास जागा नव्हती.

इतकें पाहिलेला माणूस स्वतःच्या घरीं शहाणपणानें वागला असेल, अशी वाचकांची समजूत होईल. ती चुकीची आहे.

माझी माय ऐंशीच्या घरांत आहे. माझ्या निवृत्तीच्या आधीं वर्ष-दीड वर्षापासून तिच्या वागण्यांत फरक पडूं लागला. प्रथम ती चुलीवर दूध ठेवून विसरे. वयामुळें होतें म्हणून आम्हीं सोडून दिलें. पुढें तिनें आपल्या पाटल्या कोठेंतरी ठेवल्या आणि सुनेनें चोरल्या असा गलका केला. पाटल्या आठ दिवसांनीं ज्वारीच्या कणगींत सांपडल्या. सांपडल्यावर म्हणाली, 'हिनंच आणून ठेवल्या.' नंतर दिवेलागणीला ती गांठोडें बांधून माहेरीं जावयास निघूं लागली. माहेरचें कोणी उरलेलें नाहीं. 'माय, तुझे आईबाप जाऊन चाळीस वर्षें झालीं,' असें मी सांगें, आणि ती प्रत्येक वेळीं तें नव्यानेंच ऐकल्यासारखी रडत बसे. रात्रीं दोन-तीन वेळां उठून दाराशीं जाई. आमचें कुटुंब तिच्या खाटेपाशीं बसून रात्री काढी आणि दिवसा घरकाम करी. मी कचेरींत जात असें. कोणीं विचारलें, 'माय कशी आहे?' तर 'बरी आहे' एवढेंच उत्तर. ज्या घरची म्हातारी भ्रमिष्ट झाली त्या घराची चर्चा होते, धाकट्या मुलाचें लग्न व्हावयाचें होतें. हा माझा हिशेब होता.

आमचें कुटुंब गांवांतील एका बचत गटाची सभासद आहे. हे गट राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नति अभियानाखालीं, म्हणजे ज्याला सर्वत्र 'उमेद' म्हणतात त्याखालीं, २०११ नंतर आपल्या खेडोपाडीं पसरले आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, नियमित परतफेड व नियमित हिशेब, हीं त्यांचीं पांच सूत्रें. गटाची वही मी कौतुकानें पाहात असें, कारण खाडाखोड न करतां हिशेब ठेवणें हें सोपें नाहीं. परंतु हिशेब संपल्यावर त्या बायका तासभर काय बोलत बसतात, याची मीं कधीं चौकशी केली नव्हती. बायकांचें बोलणें म्हणून सोडून दिलेलें.

एके दिवशीं बैठकींत आमच्या कुटुंबाची पाळी हप्ता भरण्याची होती. पैसे मोजतां मोजतां तिला रडूं कोसळलें आणि तिनें सगळें सांगून टाकलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं चार बाया माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. मी इतका संतापलों होतों कीं, त्यांना पाणी विचारण्याचेंहि भान राहिलें नाहीं. घरचें चव्हाट्यावर नेलें, असें मी घरांत पाहून मोठ्यानें बोललों. त्यांतली एक वयस्क बाई, ज्यांना सर्वजणी अक्का म्हणतात, शांतपणें म्हणाल्या, 'भाऊ, आम्ही काय पंचायत करायला आलोत का? माझ्या सासऱ्याचं असंच झालतं. सहा वर्षं केलं मी. म्हणून आलोत.'

पंचायत हा शब्द त्यांनीं वापरला तो मला लागला, आणि त्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमच्याच तालुक्यांत माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. घोडीं, गाढवें, उंट, बैल यांचा तो मोठा बाजार. याच यात्रेंत भटक्या जमातींच्या जातपंचायती पिढ्यान्पिढ्या बसत आल्या. नवराबायकोचें भांडण, मोडलेली सोयरीक, पळून गेलेली सून, अशीं घरचींच प्रकरणें तेथें पंचांपुढें येत. वर्षभर रानोमाळ विखुरलेल्या लोकांना आपलीं माणसें एकत्र भेटण्याची ती एकच जागा होती, हें खरें. पण पंचांसमोर घरची गोष्ट मांडणें म्हणजे निवाडा मागणें. निवाड्यामागून दंड येतो, दंड न भरल्यास वाळींत टाकणें येतें, आणि त्या जाचाचीं उदाहरणें इतकीं झालीं कीं महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अंमलांत आहे. आपल्यासारख्या स्थायिक शेतकऱ्यांनीं याला हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे पंच दिसत नाहींत एवढेंच; भावकी आहे. घरची गोष्ट बाहेर गेली कीं तिचा निवाडा होणार, ही जी धास्ती आपल्या पोटांत असते ती तेथूनच आलेली आहे. त्या दिवशीं ओसरीवर मला जें ऐकावयाचें होतें तें हेंच कीं, या बाया निवाडा करावयास आलेल्या नाहींत.

अक्कांनीं जें सांगितलें तें मी जसेंच्या तसें देतों, कारण वाचकांपैकीं कोणाच्या तरी घरीं तें उपयोगी पडेल. माहेरीं जातें म्हणाली तर आईबाप मेले असें सांगूं नये. 'जाऊं, आधीं चहा घेऊं' म्हणावें, मारुतीच्या देवळापर्यंत हात धरून न्यावें आणि दुसऱ्या वाटेनें घरीं आणावें. चोरीचा आळ घेतला तर वाद घालूं नये, बरोबर बसून शोधूं लागावें. दाराची कडी डोक्याच्या वर बसवावी. अशा माणसाची नजर सहसा वर जात नाहीं. पदराच्या कांठाला घरच्या भ्रमणध्वनीचा क्रमांक शिवून टाकावा, आणि रस्त्यावरच्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना एकदां सांगून ठेवावें. लपवून ठेवलेलें माणूसच हरवतें. हातांना काम द्यावें. शेवटीं त्या म्हणाल्या, सरकारी दवाखान्यांत दाखवून आणा, प्रत्येक वेळीं तें वयामुळेंच असतें असें नाहीं.

हा शेवटचा सल्ला मीं सर्वांत आधीं ऐकावयास हवा होता. नांदेडला तपासणी झाली. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, कारण थायरॉइडच्या बिघाडानें किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेंहि स्मृति बिघडते व तेवढें औषधानें सुधारतें. मायचें तसें निघालें नाहीं. तिला स्मृतिभ्रंशाचा आजार आहे; तो बरा होत नाहीं, हळूहळू वाढतो. पण तो आजार आहे, सुनेचा दोष नव्हे, करणी नव्हे, आणि मायचा स्वभावहि नव्हे, हें डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर आमच्या घरांतील निम्में भांडण त्याच दिवशीं संपलें. दीड वर्ष आम्ही एकमेकांवर जें बोललों तें मात्र परत घेतां येत नाहीं.

चौघींनीं आपसांत वार वांटून घेतले. रोज दुपारीं एकजण दोन तास मायजवळ येऊन बसूं लागली. पहिल्या दुपारीं आमचें कुटुंब आंतल्या खोलींत जाऊन पडलें तें दिवेलागणीलाच उठलें. मीं पाहिलें तर ती उशीसुद्धां न घेतां जमिनीवर झोंपली होती.

या बायांना हें कोणीं शिकविलें, असें मीं मागाहून विचारलें. चौघींतील एक औसा तालुक्यांतून इकडे दिलेली आहे. ती म्हणाली, 'माझी आई संवाद सहायक होती, भूकंपाच्या वेळी.' त्या शब्दानें मला तीस वर्षांमागें नेलें.

दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, गणपति बोळवून लोक नुकते झोंपले असतां, किल्लारीच्या बाजूस धरणी हादरली. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसें दगावलीं. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचें माळवद, अशीं घरें. उन्हाळ्यांत गार, पण त्या रात्रीं तींच काळ झालीं. मी तेव्हां नवखा होतों, लोहा तेव्हां कंधार तालुक्यांतलें एक गांव होतें. कांहीं दिवसांसाठीं मला तिकडे याद्या लिहिण्याच्या कामावर पाठविलें. पत्र्याच्या निवाऱ्यांच्या रांगा, आणि त्यांच्यापुढें संध्याकाळीं गोळा होऊन बसलेल्या बाया, एवढें चित्र अजून डोळ्यांपुढें आहे. त्या रडत नव्हत्या, बोलत होत्या. कोणाचें कोण गेलें हें मला यादींत भरावयाचें असे, आणि अनेकदां कचेरीच्या कागदापेक्षां त्या घोळक्यांतच तें बिनचूक मिळे.

बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. सरळ रुंद रस्ते, प्रत्येकाचें घर सुटें, मधें मोकळी जागा. नकाशावर तें फार देखणें दिसे. परंतु जुन्या गांवांत भिंतीला भिंत लागलेली असे, ओट्यावरून ओट्यावर बोलतां येई, पोर शेजारणीच्या दारांत सोडून पाण्याला जातां येई. तें सर्व त्या रुंद रस्त्यांत हरवलें, अशी तक्रार बायकांनीं पुढें वारंवार केली. जीं गांवें हलवावीं लागलीं नाहींत तेथें लोकांनीं सरकारी मदतीनें आपलीं घरें आपणच दुरुस्त करावयाचीं होतीं. हप्ता केव्हां मिळतो, भिंतींत काय घालावें, कोणाची सही लागते, हें घरोघर समजावून सांगण्यासाठीं गांवांतल्याच बाया निवडल्या गेल्या व त्यांना संवाद सहायक हें नांव मिळालें. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनें, प्रेमा गोपालन यांच्या मार्गदर्शनाखालीं, शेकडों गांवांत हें काम उभें केलें. (या बाई २०२२ सालीं निवर्तल्या.)

घरें झालीं, सरकारी कागद बंद झाले. पण ज्या बाया दोन-तीन वर्षें एकमेकींच्या घरांत जाऊन आल्या होत्या त्या घरीं परतल्या नाहींत. त्यांनीं बचतीचे गट केले. विटा आणि लोखंड यांविषयीं बोलण्यास ज्या जमल्या त्या हळूहळू मुलींच्या शाळेविषयीं, दवाखान्याविषयीं, नवऱ्याच्या मारहाणीविषयीं बोलूं लागल्या. २००१ च्या जानेवारींत कच्छांत भूकंप झाला तेव्हां याच भागांतल्या बाया गुजरातेंत गेल्या आणि तेथल्या बायांबरोबर बसल्या. भाषा वेगळी, पण घर पडलें म्हणजे काय होतें हें दोघींनाहि ठाऊक.

आपणां शेतकऱ्यांच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट पुढें घडली. दुष्काळाच्या वर्षांत याच गटांनीं असें धोरण धरलें कीं, प्रत्येक बाईनें घरच्या जमिनींतून अर्धा ते एक एकर स्वतःसाठीं मागून घ्यावा आणि त्यांत सोयाबीन-ऊस न लावतां भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी असें घरांत खाण्याचें पीक कमी पाण्यावर घ्यावें. ऐकावयास सोपें, पण नवऱ्यापाशीं एक एकर मागणें हें काम किती अवघड आहे तें ज्याच्या नांवावर सातबारा आहे त्यानें छातीवर हात ठेवून सांगावें. एकटीनें मागितलें तर हंसण्यावारी जाई. म्हणून गटांतल्या दोघी-तिघी बरोबर जात, सासूला समजावीत, आपल्या रानांतली भाजी दाखवीत. शेतीची ही पद्धत आधीं ओसरीवर जिंकावी लागली, मग रानांत. या कामासाठीं २०१६ सालीं त्या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें विषुववृत्त पारितोषिक मिळालें. शरद जोशी यांनीं सीताशेती व माजघरशेतीची कल्पना मांडली, आणि लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीनंतर १९९२ सालीं पत्नीचें नांव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याचें शासकीय परिपत्रकहि निघालें. तें परिपत्रक माझ्या कपाटांत होतें. तें घेऊन आपण होऊन आलेला नवरा माझ्या सबंध नोकरींत मला बोटांवर मोजण्याइतकाच भेटला.

असो. सावडींत घेतलें तें फेडावें लागतें. गटांतील एका विधवा भगिनीचा नवरा सासऱ्याच्या आधीं वारला. पुढें सासरा गेला आणि जमिनीचा फेरफार दिरांच्या नांवें होऊन बसला. तिला सर्वजण सांगत होते, तुझा नवरा आधीं गेला, तुझा हक्क संपला. हें साफ खोटें आहे. हिंदु वारसा कायदा, १९५६ प्रमाणें आधीं मृत झालेल्या मुलाची विधवा व मुलें हीं पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावी लागते. ती गांवनमुना सहा-क मध्यें येते, नंतर फेरफार होतो, संबंधितांस नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. येथें नोटीस तिच्या हातीं पडलीच नव्हती. मीं तिचें अपील लिहून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाखल करून दिलें. तें प्रकरण अजून चालूं आहे आणि तारखेला तिच्याबरोबर गटांतल्या दोघी जातात. ती माझी पाळी झाली. तीस वर्षें जे नमुने मी खिडकीच्या आंतून पाहिले ते त्या दिवशीं प्रथम खिडकीच्या बाहेरून पाहिले.

आतां पुरुषांचें काय? आमच्या गांवांत पार आहे, त्यावर सकाळसंध्याकाळ दहा-पंधरा जण बसतात. आमदार कोण होणार, सोयाबीन कोठें पोंचलें, पाऊस केव्हां उघडणार, याची तेथें चर्चा होते. घरांत काय चाललें आहे याची होत नाहीं. शासनानें २००७ सालीं तंटामुक्त गांव मोहीम काढली, समित्या नेमल्या. धुऱ्याचीं व पाणंदीचीं भांडणें तीमुळें पुष्कळ मिटलीं, तें मीं पाहिलें आहे. परंतु तेथें जावयास तंटा लागतो. ज्याचा तंटा नाहीं, ज्याला नुसती झोंप लागत नाहीं, त्यानें कोठें जावें?

एका संध्याकाळीं मीं धीर करून पारावर मायची हकीकत सांगितली. पांच मिनिटें कोणी बोललें नाहीं, मग एकानें पावसाचा विषय काढला. मला वाटलें, चूक झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी शेतांत तुरीला पाणी धरीत असतां, पारावर ज्यानें पावसाचा विषय काढला तोच गृहस्थ धुऱ्यावर येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग त्यानें मुलाच्या दारूविषयीं सांगितलें. मीं कांहीं उपाय सांगितला नाहीं, मला ठाऊक नव्हता. पण त्यानंतर आठवडी बाजाराच्या दिवशीं आम्ही चौघे-पांचजण माझ्या आखाड्यावर बसूं लागलों आहों. बायकांइतकें सरळ बोलणें आम्हांला येत नाहीं. एक तास पिकाचें बोलावें तेव्हां दहा मिनिटें घरचें निघतें. कांहीं वेळां तेंहि निघत नाहीं.

गटांचे दोषहि मला ठाऊक आहेत. कित्येक ठिकाणीं कर्ज देणाऱ्या कंपन्यांनीं बायांचे जथे बांधून गटाचा अर्थ नुसता हप्ता असा करून टाकला आहे. एकीचा हप्ता चुकला कीं बाकीच्या तिच्या दारांत बसतात, आणि सावडीच्या ऐवजीं तगादा येतो. अशा जथ्यांत कोणी घरचें दुःख सांगणार नाहीं. शिवाय गटांत सांगितलेलें गटाबाहेर गेलें तर सर्वच संपतें. आमच्या कुटुंबाच्या गटांत असा एक प्रसंग येऊन गेला, आणि त्या बाईनें पुन्हां तीन महिने तोंड उघडलें नाहीं. मारहाण होत असेल तेथें नुसतें बोलून भागत नाहीं. त्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे व प्रत्येक जिल्ह्यांत संरक्षण अधिकारी आहेत. आणि मनाला अंधारून येऊन जिवाचें बरेंवाईट करावेंसें वाटूं लागलें तर १४४१६ हा 'टेलिमानस' चा क्रमांक २०२२ पासून चालूं आहे. दिवसा किंवा रात्रीं फोन करावा, पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक मीं आमच्या आखाड्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवला आहे. पावसानें पुसला कीं पुन्हां लिहितों.

माय आतां मला कधीं मुलगा म्हणून ओळखते, कधीं तलाठी समजून शेतसारा माफ करा म्हणते. तिनें तरुणपणीं उभ्या हयातीभर कापूस वेंचला. म्हणून अक्कांच्या सांगण्यावरून मीं तिच्यापुढें घरच्या कापसाची एक टोपली ठेवली. ती सकाळपासून बोंडाबोंडांतून सरकी काढून एका बाजूस व कापूस दुसऱ्या बाजूस ठेवते. हात चालूं असले म्हणजे माहेरीं जाण्याचें नांव काढीत नाहीं. संध्याकाळीं आम्ही तो कापूस व सरकी आंत नेऊन दुसऱ्या दिवशीं नवी टोपली देतों. बाया रस्त्यानें जातांना विचारतात, 'आजी, किती झाला?' ती सांगते, 'अजून दोन काकऱ्या राहिल्यात.' गेल्या बैठकीला गट आमच्याच ओसरीवर बसला होता. सतरंजी मीं घातली, पाण्याचा हंडा भरून ठेवला, आणि आखाड्यावर निघून गेलों.